काडतूस, कॅलिबर आणि कायदा : भारतातील शस्त्रांच्या कॅलिबर-परिवर्तनाचा ऐतिहासिक अभ्यास (१८५७ ते २०१९)

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या तालुक्यात पिकांच्या राखणीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी एखाद्या शेतकऱ्याला शस्त्रपरवाना मिळतो. सैन्यातून निवृत्त झालेला एखादा जवान बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो व त्यालाही परवाना लागतो. या परवान्यावर शस्त्राच्या वर्णनात 'बोअर' म्हणजेच नळीचे माप नोंदविलेले असते. १२ बोअर, .३१५, .३२ असे ते आकडे असतात. ज्या जवानाने सेवेच्या काळात ७.६२ मिमीची रायफल किंवा ९ मिमीचे पिस्तूल हाताळले, त्याला निवृत्तीनंतर त्याच मापाचे शस्त्र सामान्य परवान्यावर बाळगता येत नाही. शस्त्र चालविण्याचे त्याचे कौशल्य बदललेले नसते. बदललेले असते ते त्याचे शासनाशी असलेले नाते. हे नाते नळीच्या मापातून व्यक्त व्हावे, असे का घडले? प्रस्तुत निबंधाचा हाच मुख्य प्रश्न आहे.

शस्त्राचे कॅलिबर बदलणे ही वरकरणी यंत्रशास्त्रातील बाब वाटते. तथापि भारताच्या आधुनिक इतिहासात कॅलिबर-परिवर्तनाचे निर्णय बहुतांशी राज्यसत्तेने घेतलेले असून त्यामागे लष्करी सोयीइतकाच प्रजेविषयीचा अविश्वास कार्यरत होता, असे दिसून येते. स्वयंभरणी (सेमी-ऑटोमॅटिक) पिस्तूल हा या इतिहासातील शेवटचा व सर्वांत संवेदनशील टप्पा होय.

संज्ञेचे स्पष्टीकरण

कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने नळीच्या आतील व्यास. परंतु आधुनिक शस्त्रात केवळ व्यास सांगून भागत नाही. काडतुसाची लांबी, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे की नाही आणि दारूच्या स्फोटातून निर्माण होणारा दाब या तिन्ही गोष्टी मिळून काडतुसाची ओळख ठरते. '.३८०' या आकड्याचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरचे कडयुक्त काडतूस आणि ब्राउनिंगच्या परंपरेतील पिस्तुलाचे बिनकडेचे काडतूस ही दोन्ही याच आकड्याने ओळखली गेली. मात्र ती परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. नाव एक आणि वस्तू दोन, अशी ही स्थिती असल्यामुळे कायदा करणाऱ्यांनाही पुढे केवळ आकड्यावर विसंबून राहता आले नाही.

कारखानदारीपूर्वीच्या काळात ही अडचण नव्हती. तोड्याच्या बंदुकीला ठरावीक प्रमाणमाप नसे. ज्याची बंदूक त्याचा साचा, आणि त्या साच्यातून ओतलेली शिशाची गोळी त्याच बंदुकीची. तोफांचेही तसेच होते. निजामशाहीच्या काळात १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी याने ओतलेली व पुढे विजापूरला गेलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ म्हणजे स्वतःपुरते एक स्वतंत्र माप होते. दारूगोळा कुठेही तयार व्हावा आणि कोणत्याही सैनिकाच्या बंदुकीत बसावा, ही अपेक्षा औद्योगिक युगाची आहे. या अपेक्षेबरोबरच दारूगोळ्यावर नियंत्रण ठेवले की शस्त्रावर नियंत्रण राहते, ही जाणीवही राज्यकर्त्यांना झाली.

१८५७ चा धडा

१८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण म्हणून चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख नेहमी होतो. या घटनेकडे कॅलिबरच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. कंपनीच्या शिपायांच्या हाती तोपर्यंत सुमारे .७५ इंच व्यासाची गुळगुळीत नळीची 'ब्राउन बेस' बंदूक होती. तिच्या जागी .५७७ इंचाची, आतून आटे पाडलेली एन्फिल्ड रायफल आली. शस्त्र बदलले म्हणून काडतूस बदलले आणि काडतूस बदलले म्हणून ते हाताळण्याची रीत वादग्रस्त ठरली. उठावाची सामाजिक, आर्थिक व राजकीय कारणे अर्थातच याहून खोल होती. परंतु ठिणगी पडली ती या बदलातून.

महाराष्ट्रातही त्या काळात अस्वस्थता होती. कोल्हापूर येथील पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी बंड केले. अहमदनगरच्या पोलीस दलात पूर्वी काम केलेल्या भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी नाशिक व नगर जिल्ह्यांच्या सीमाभागात उठाव केला. १८५७ मध्ये नांदूर-शिंगोटे येथील चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला व १८५९ मध्ये भागोजी स्वतः लढताना मारले गेले. शासकीय सेवेत शस्त्र चालविण्यास शिकलेला माणूस तेच कौशल्य शासनाविरुद्ध वापरू शकतो, हे राज्यकर्त्यांना अशा घटनांतून कळून चुकले.

त्यावर योजलेला एक उपाय तांत्रिक होता. भारतीय शिपायांसाठी १८५८ चा नवा नमुना तयार करण्यात आला. बाह्यतः ती एन्फिल्डच होती. परंतु नळीतील आटे काढून तिचा व्यास सुमारे.६५ इंच करण्यात आला. आटे गेल्यामुळे लांब पल्ल्याची अचूकता गेली. शस्त्राची क्षमता हेतुपुरस्सर घटविण्यासाठी केलेले हे कॅलिबर-परिवर्तन होते. यापुढे गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र आणि भारतीय पलटणींना एक पिढी मागचे शस्त्र, हा प्रघात दीर्घकाळ टिकला. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा शिपायांकडे स्नायडर होती. गोऱ्यांकडे मॅगझीनची रायफल आली तेव्हा शिपायांकडे मार्टिनी-हेन्री.

सैन्याबाहेरील प्रजेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले व त्याखालील नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट दिली. हा भेद सुशिक्षित भारतीयांना सर्वाधिक झोंबला. राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध सातत्याने मागण्या केल्या आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट केला.

शिकारी रायफल आणि .४५० ची बंदी

कॅलिबर हे शासनाचे साधन कसे बनले, याचे ठळक उदाहरण विसाव्या शतकाच्या प्रारंभी आढळते. लष्करातून बाद झालेल्या .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर व अन्यत्र मोठ्या संख्येने पसरल्या होत्या. शिकारीसाठी आयात होणारा .४५० चा दारूगोळा त्या रायफलींसाठी वापरला जाईल, अशी भीती सरकारला वाटली. १९०७ च्या सुमारास भारत व सुदान येथे या मापाच्या आयातीवर बंदी आली. इंग्लंडमधील बंदूक उत्पादकांनी यावर काढलेला तोडगा सरळ होता. त्यांनी माप किंचित बदलले. .४७० आणि .५००/.४६५ ही शिकारी काडतुसे त्या परिस्थितीत पुढे आली. वाघ-हत्तींच्या शिकारीच्या कथांतून प्रसिद्ध झालेले हे आकडे वस्तुतः भारतातील राजकीय भीतीचे अपत्य होते.

.३०३ या लष्करी मापाबाबतही हेच घडले. नागरी वापरासाठी .३१५ हे निराळे माप रूढ झाले. रायफलीची रचना बरीचशी तीच, पण लष्कराचे काडतूस तिच्यात चालू नये, ही यामागील दृष्टी होती. स्वतंत्र भारतातील सरकारी कारखान्यांनीही .३१५ च्या रायफली नागरिकांसाठी तयार केल्या. अनेक ग्रामीण कुटुंबांत वडिलोपार्जित असलेल्या अशा रायफलीच्या मापामागे हा इतिहास आहे.

स्वयंभरणी पिस्तुलाचे आगमन

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात बसतात. स्वयंभरणी पिस्तुलात मात्र गोळी सुटताच निर्माण होणाऱ्या धक्क्याचा उपयोग करून रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व मॅगझीनमधील पुढचे काडतूस नळीत बसते. त्यामुळे नळी, सरकता भाग, स्प्रिंग, मॅगझीन व काडतूस यांचा मेळ अत्यंत नेमका असावा लागतो. रिव्हॉल्व्हरपेक्षा पिस्तुलाचे कॅलिबर बदलणे हा संपूर्ण यंत्रणेचा प्रश्न का ठरतो, हे यावरून ध्यानात येईल.

या शस्त्राच्या विकासात कॅलिबर-परिवर्तनाचे महत्त्व मोठे आहे. जर्मनीतील गेओर्ग लुगर यांचे पिस्तूल प्रथम ७.६५ मिमीचे होते. अधिक परिणामकारक गोळीची मागणी आल्यावर त्याच काडतुसाच्या बुडावर १९०२ मध्ये ९ मिमीचे काडतूस आकारास आले. जर्मन आरमाराने १९०४ मध्ये व भूदलाने १९०८ मध्ये हे माप स्वीकारले. पुढे ते जगभर पसरले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याची एकरूपता साधण्यासाठी जर्मन लष्कराने १९१६ मध्ये मूळ ७.६३ मिमीचे माउझर पिस्तूल ९ मिमीसाठी बनविण्याची सुमारे दीड लाखांची मागणी नोंदविली. सैनिकाने चुकीचे काडतूस भरू नये म्हणून त्याच्या दस्त्यावर लाल रंगात '९' हा अंक कोरला जाई. अमेरिकेत कोल्ट कंपनीने .४५ च्या लष्करी पिस्तुलासाठी १९३८ मध्ये .२२ च्या स्वस्त काडतुसांवर सराव करण्याची सोय देणारा जोडसंच बाजारात आणला. दारूगोळ्याचा पुरवठा, चुकीपासून संरक्षण आणि सरावाचा खर्च ही या बदलांमागील पाश्चात्त्य देशांतील कारणे होती.

भारतात मात्र या पिस्तुलाचा परिचय वेगळ्या वाटेने झाला. लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ च्या प्रारंभी चतुर्भुज अमीन याच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. पेटीच्या चोरकप्प्यातून ती मुंबईस आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगप्रसंगी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, तर पिस्तुलांचा पुरवठा हा सावरकरांवरील खटल्याचा महत्त्वाचा भाग बनला. खिशात मावणारे, झपाट्याने गोळ्या झाडणारे हे शस्त्र प्रशासनाच्या दृष्टीने रायफलीपेक्षा अधिक धोक्याचे होते, कारण ते दिसत नव्हते.

.४१० मस्केट : दुबळे केलेले शस्त्र

पहिल्या महायुद्धानंतर १८५८ च्या प्रयोगाची जणू पुनरावृत्ती झाली. .३०३ च्या ली-एन्फिल्ड रायफलींची नळी मोठी व गुळगुळीत करून त्या .४१० मापाच्या मस्केटमध्ये रूपांतरित करण्यात आल्या. एका वेळी एकच काडतूस भरता यावे अशी त्यांची रचना होती. काहींत मॅगझीनची जागा लाकडी ठोकळ्याने भरलेली असे. पोलीस व तुरुंगरक्षकांच्या हाती या मस्केट देण्यात आल्या. पोलीस ठाण्यातून अशी बंदूक पळविली गेली, तरी तिचा पल्ला मर्यादित राहावा आणि लष्करी .३०३ काडतूस तिच्यासाठी निरुपयोगी ठरावे, हा त्यामागील हेतू होता. शासनाचा अविश्वास प्रजेपुरता मर्यादित नव्हता. स्वतःच्या शिपायावरही त्याचा विश्वास नव्हता.

स्वातंत्र्योत्तर परिवर्तन

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली ती बेरेटा या इटालियन बनावटीच्या ९ मिमीच्या स्वयंभरणी पिस्तुलाने. हे पिस्तूल ग्वाल्हेर येथून मिळविण्यात आले होते. कटातील एक आरोपी विष्णू करकरे हा अहमदनगर येथे विश्रांतिगृह चालवीत असे. पुढे कपूर आयोगाच्या चौकशीत अहमदनगरमधील घडामोडींचाही विचार झाला. महायुद्धाच्या काळातील लष्करी पिस्तुले कायद्याच्या चौकटीबाहेर फिरत असल्याचे या घटनेने अत्यंत दुःखद रीतीने दाखवून दिले. नव्या राष्ट्रालाही शस्त्रनियंत्रणाची गरज भासली, ती केवळ वसाहतवादी वारसा म्हणून नव्हे.

१९६२ च्या चीन युद्धानंतर लष्करी गरजेतून आणखी एक परिवर्तन घडले. बंगालमधील ईशापूर येथील कारखान्याने ली-एन्फिल्डच्या जुन्या रचनेवर ७.६२ मिमीची रायफल तयार केली. नव्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा अधिक असल्याने त्यासाठी अधिक बळकट पोलाद वापरण्यात आले. गोळी नळीत बसली म्हणजे शस्त्र सुरक्षित झाले असे नसते, हा धडा या उदाहरणातून मिळतो. धातू, दाब आणि परीक्षण यांची जबाबदारी घेणारी संस्था पाठीशी असेल तरच असे परिवर्तन यशस्वी होते. खाजगी व अवैध रीतीने केलेल्या फेरफारांत या तिन्हींचा अभाव असतो. त्यामुळे तेथे पहिला धोका चालविणाऱ्याच्याच हाताला व डोळ्यांना असतो.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दारूगोळ्याच्या अंगाने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून कार्यरत आहे. वरणगावच्या कारखान्याची त्यात पुढे भर पडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे गेले.

१९५९ चा कायदा आणि कॅलिबरची भाषा

१८७८ चा कायदा रद्द करून संसदेने १९५९ चा शस्त्र कायदा केला. वंशभेदाला त्यात अर्थातच स्थान नव्हते. परंतु १९६२ च्या नियमांतील वर्गीकरणात कॅलिबरची जुनी दृष्टी टिकून राहिली. .३०३ किंवा ७.६२ मिमीचे लष्करी काडतूस ज्यात भरता व झाडता येईल अशा कोणत्याही बोअरच्या रायफली, .४१० मस्केट, तसेच .३८० किंवा .४५५ ची कडयुक्त काडतुसे किंवा लष्करी ९ मिमी काडतुसे ज्यात भरता व झाडता येतील अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांना पहिल्या वर्गात, म्हणजे व्यवहारात 'प्रतिबंधित बोअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात टाकण्यात आले. नळीवर कोणता आकडा कोरला आहे यापेक्षा शासनाचा दारूगोळा तिच्यात चालतो काय, ही येथे कसोटी आहे. २०१६ च्या नव्या नियमांनीही वर्गीकरणाची मुख्य चौकट कायम ठेवली.

या कसोटीचा परिणाम उत्पादनावर झाला. ईशापूरच्या एकाच कारखान्याने सैन्य व पोलिसांसाठी ९ मिमीचे पिस्तूल बनविले आणि परवानाधारक नागरिकांसाठी .३२ चे 'अशनी' पिस्तूल बनविले. कानपूरहून नागरिकांसाठी .३२ चे रिव्हॉल्व्हर आले. कारखाना एक, पोलाद एक, कारागीर एक. माप मात्र शासक व नागरिक यांच्यासाठी वेगळे. येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. 'अशनी'चे काडतूस म्हणजे ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेले ७.६५ मिमीचे काडतूस होय. ज्या ब्राउनिंगच्या नावाने १९०९ मध्ये मुंबई इलाख्यातील प्रशासन धास्तावले होते, त्याचेच काडतूस पुढे सामान्य परवान्यावरील मान्य माप ठरले. अशी विभागणी केवळ भारतातच झाली असे नाही. इटलीतही लष्करी ९ मिमी काडतूस नागरिकांना दीर्घकाळ वर्ज्य होते व त्याऐवजी तेथे ९×२१ मिमी हे किंचित लांब काडतूस प्रचारात आले.

कॅलिबर-परिवर्तनाविषयी कायद्याची भूमिका टप्प्याटप्प्याने कठोर झाली. मूळ १९५९ च्या कायद्यातील कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे व नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करणे निषिद्ध होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्याची भर घातली आणि अशा गुन्ह्यासाठी किमान सात वर्षे व कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद केली. म्हणजेच सामान्य परवान्यावरील पिस्तूल लष्करी काडतुसासाठी बदलून घेणारा परवानाधारकही या तरतुदीनुसार गंभीर गुन्हेगार ठरतो.

निष्कर्ष

१) भारतातील कॅलिबर-परिवर्तनाची प्रमुख उदाहरणे (१८५८ चा नमुना, .४१० मस्केट, ७.६२ मिमी रायफल) ही राज्यसत्तेच्या पुढाकाराने घडलेली आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा उद्देश शस्त्राची क्षमता घटविणे हा होता.

२) .४५० वरील बंदी व .३१५ चा प्रसार यांवरून असे दिसते की नागरी शस्त्रांचे माप अनेकदा बाजाराच्या किंवा शिकारीच्या गरजेपेक्षा राजकीय भीतीतून ठरले.

३) १९५९ च्या कायद्याने वंशभेद नाहीसा केला, मात्र शासनाचा दारूगोळा व नागरिकाचे शस्त्र यांतील अंतर त्याखालील नियमांनी जपले. या अंतरामागे लोकशाही राज्यातही एक व्यावहारिक तर्क आहे. सरकारी भांडारातून चोरलेले काडतूस नागरी शस्त्रात चालत नसेल, तर चोरीचा मोबदला घटतो.

४) तरीही वसाहतकालीन तर्क व लोकशाही तर्क यांत फरक करणे आवश्यक आहे. पहिल्याच्या मुळाशी प्रजेविषयीचा अविश्वास होता. दुसऱ्याने आपले समर्थन सार्वजनिक सुरक्षिततेच्या आधारे द्यावयास हवे व ते चर्चेसाठी खुले असावयास हवे. त्या समर्थनावाचून राहिलेले नियम केवळ जुन्या भीतीचे अवशेष ठरतात.

पाथर्डीतील निवृत्त जवानाच्या परवान्यावरील बोअरचा आकडा म्हणूनच एक लहानसा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यात १८५७ ची काडतुसे आहेत, नाशिकचे ब्राउनिंग आहे, दिल्लीतील १९४८ ची सायंकाळ आहे आणि स्वतंत्र राष्ट्राने वारशाने स्वीकारलेली सावधगिरीही आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रशासकीय नमुन्यांतील अशा नीरस भासणाऱ्या रकान्यांकडेही साधन म्हणून पाहणे उपयुक्त ठरेल.